एकविसावा दिवस

मागे एका रविवारी दुपारी आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीला आमच्याकडे विज्ञान शिकलेली, आता लग्नाला अडीच वर्षे झालेली. तिचे नाव इथे लिहीत नाही. सोबत तिची अम्मी होती. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद निघाला.

“टीचर, हे जरा बघता का?”

कागद रक्त तपासणीचा होता. पाळीच्या एकविसाव्या दिवशी रक्त दिलेले, त्यात प्रोजेस्टेरॉन ०.८. बाजूला पेनाने कुणीतरी लिहिले होते : ‘अंडे फुटत नाही’. हा कागद आमच्याकडे येण्याआधी सासरी सर्वांचा वाचून झाला होता. नणंदेला कळला, नणंदेकडून शेजारी कळला. दोष हिच्यातच आहे, हे घरात ठरून गेले होते. अम्मीच्या डोळ्यांत पाणी होते. “मॅडम, आता तर दुसऱ्या लग्नाची भाषा निघायला लागली आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही मुलीला एकच प्रश्न विचारला. “तुझी पाळी किती दिवसांनी येते?”

“पस्तीस. कधी चौतीस, कधी छत्तीस. पहिल्यापासून तशीच.”

“मग एकविसाव्या दिवशी रक्त का दिलेस?”

“चिठ्ठीवर तसेच लिहिले होते. आणि टीचर, तुम्हीच शिकवले होते ना, चौदाव्या दिवशी अंडे बाहेर पडते म्हणून?”

आम्ही गप्प झालो. खरेच होते ते. फळ्यावर अठ्ठावीस घरांची पट्टी आखून चौदाव्या घरात लाल खडूने गोल आम्हीच काढला होता. त्या धड्याला मुली माना खाली घालतात, मुले खिडकीबाहेर बघतात, आणि शिक्षकालाही तो तास लवकर संपावा असे वाटते. त्या घाईत एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेली. या महिन्याचे हे पान म्हणजे त्या राहिलेल्या गोष्टीची भरपाई समजा.

एकाच मालाचे चार टप्पे

कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्याला हार्ट अटॅक आठवतो. पण स्त्रीपण आणि पुरुषपण घडवणारी संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, याच कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. कोलेस्टेरॉलच्या एका कणात कार्बनचे २७ अणू असतात. अंडाशयात त्याची टप्प्याटप्प्याने छाटणी होते. पहिल्या कापात २७ चे २१ उरतात. त्यात थोडा बदल झाला की ते प्रोजेस्टेरॉन. पुढच्या कापात २१ चे १९ होतात. हे पुरुषी जातीचे संप्रेरक. शेवटच्या कापात १९ चे १८ होतात आणि इस्ट्रोजेन हाती येते. होय, प्रत्येक निरोगी स्त्रीच्या अंडाशयात आधी पुरुषी संप्रेरक बनते आणि त्यातूनच स्त्रीचे संप्रेरक घडते.

प्रत्येक कापासाठी वेगळे हत्यार लागते. या हत्यारांना आपल्या पाठ्यपुस्तकात विकर म्हणतात, इंग्रजीवाले एन्झाइम म्हणतात. रोटीतला स्टार्च तोंडातच गोड लागायला लागतो तेही एका विकराचेच काम. विकर हजर असेल तर काप होतो, नसेल तर माल त्याच टप्प्यावर थांबतो.

ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा. प्रोजेस्टेरॉन हे वाटेतले स्टेशन आहे आणि इस्ट्रोजेन शेवटचे. अंडाशयातून कोणत्या दिवशी काय बाहेर पडेल, हे त्या दिवशी तिथे कोणती विकरे कामावर आहेत यावर ठरते. आणि कोणाला कामावर ठेवायचे याचा हुकूम अंडाशय स्वतः काढत नाही. तो येतो डोक्यातून, मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीकडून. तिचे दोन हुकूम आहेत : एफएसएच आणि एलएच.

दोन खोल्यांचा कारखाना

दर महिन्याला अंडाशयात काही पुटिका वाढू लागतात. पुटिका म्हणजे पाण्याने भरलेली बारीक पिशवी, जिच्यात स्त्रीबीज असते. सोनोग्राफीवाले तिला फॉलिकल म्हणतात. त्यांतली बहुधा एकच पुढे जाते आणि फुटायच्या वेळी साधारण २ सेंटिमीटरची होते.

या पिशवीच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी आहेत. बाहेरच्या थरातल्या पेशी एलएचचा हुकूम ऐकतात. त्यांच्याजवळ रक्तवाहिन्या आहेत, त्यामुळे कोलेस्टेरॉल हवे तेवढे मिळते. त्या २७ वरून १९ पर्यंत काम करतात आणि थांबतात. शेवटच्या कापाचे विकर, ज्याला अॅरोमाटेज म्हणतात, ते त्यांच्याकडे पुरेसे नाही. आतल्या थरातल्या पेशी एफएसएचचा हुकूम ऐकतात. त्यांच्याकडे अॅरोमाटेज भरपूर आहे, पण २१ वरून १९ करणारे विकर नाही, आणि त्यांच्यापर्यंत रक्तवाहिनीही पोहोचत नाही. मग बाहेरच्यांनी १९ चा माल आत सरकवायचा आणि आतल्यांनी त्याचा १८ करायचा. कटिंग मास्टर बेतून देतो आणि कारागीर शिवतो, तसे. एकाला दुसऱ्यावाचून गिऱ्हाईक पुरे करता येत नाही.

हे कसे कळले, तेही ऐकण्यासारखे आहे. बेंग्ट फाल्क नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९५९ साली उंदराच्या अंडाशयातले हे बारीक तुकडे वेगळे केले आणि उंदराच्याच डोळ्याच्या पुढच्या भागात लावले. सोबत योनीच्या अस्तराचा कण ठेवला, कारण इस्ट्रोजेन मिळाले की ते अस्तर बदलते. एकाच जातीच्या पेशी लावल्या तर अस्तर तसेच राहिले. दोन्ही शेजारी लावल्या तेव्हा ते बदलले. इस्ट्रोजेन हे दोघींच्या सोबतीचे काम आहे, हे तिथे दिसले.

तर पाळी आल्यापासून पुटिका पिकेपर्यंतचे दिवस या कारखान्यातून मुख्यतः इस्ट्रोजेन बाहेर पडते. प्रोजेस्टेरॉन रक्तात नावापुरते, बहुधा १ पेक्षा कमी. आणि हा काळ सर्वांचा सारखा नसतो. कुणाची पुटिका १२ दिवसांत पिकते, कुणाची २१ दिवसांत. एकाच स्त्रीतही एखादे आजारपण, प्रवास, परीक्षा, घरातला ताण यांनी तो पुढे सरकतो.

दीड दिवसात पाटी बदलते

पुटिका वाढते तसे इस्ट्रोजेन वाढते. एरवी ते पियुषिकेला ‘आता हळू’ असा निरोप देत असते. पण त्याची पातळी खूप वर जाऊन साधारण दोन दिवस तशीच टिकली की निरोपाचा अर्थ उलटा होतो. पियुषिका एलएचचा एक मोठा लोंढा सोडते. दुकानात मिळणारी लघवीची ओव्ह्युलेशन पट्टी हाच लोंढा पकडते.

लोंढा सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी अंडे बाहेर पडते. या दीड दिवसात कारखान्यात जे होते ते आमच्या मते शरीरातल्या सर्वांत झटपट बदल्यांपैकी एक आहे. आतल्या पेशींनी एव्हाना एलएचचाही हुकूम ऐकायची तयारी केलेली असते. लोंढा आदळताच शेवटच्या कापांची विकरे, म्हणजे २१ चे १९ करणारे आणि १९ चे १८ करणारे अॅरोमाटेज, यांचे उत्पादन झपाट्याने खाली येते. रक्तातले इस्ट्रोजेन घसरते. आणि त्याच वेळी पहिल्या टप्प्याची सामग्री वाढवली जाते : कोलेस्टेरॉल पेशीच्या आतल्या भट्टीपर्यंत वाहून नेणारे हमाल-प्रथिन, २७ चे २१ करणारे विकर, आणि त्या २१ ला प्रोजेस्टेरॉनचे रूप देणारे विकर. जणू रात्रीतून दुकानाची पाटी बदलली.

पुटिका फुटली की आणखी एक अडसर दूर होतो. आतल्या थराभोवतीचा पडदा तुटतो, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि ज्या पेशी आजवर कोलेस्टेरॉलला मोताद होत्या त्यांच्या दारात थेट माल येऊ लागतो. रिकामी पिशवी पिवळसर होते. पुस्तकात तिला पीतपिंड म्हटले आहे. आता तिचा मुख्य माल प्रोजेस्टेरॉन. काही दिवसांनी ती थोडे इस्ट्रोजेनही पुन्हा बनवू लागते, पण राज्य प्रोजेस्टेरॉनचेच. अंडे बाहेर पडल्यानंतर साधारण सातव्या दिवशी ते सर्वांत वर असते, पुष्कळदा १० च्याही पुढे. सकाळी उठण्याआधी मोजलेले शरीराचे तापमान या दिवसांत अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वाढलेले दिसते, तेही याच्यामुळे.

हा बदल हवा कशाला? इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवते, प्रोजेस्टेरॉन ते बीज रुजण्याजोगे करते. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड अॅलन यांनी सशांवर हे दाखवले. गाभण सशिणींचे पीतपिंड काढले की गर्भ टिकेना. पीतपिंडाचा अर्क टोचला की टिके. गर्भ राहिला तर गर्भाकडूनच पीतपिंडाला ‘काम चालू ठेव’ असा निरोप जातो. नाही राहिला तर पीतपिंडाचे आयुष्य साधारण १४ दिवसांचे. ते सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि पाळी येते.

मग एकविसावा दिवस कुणाचा?

आता हिशेब पाहा. पाळीच्या आधीचा हा पीतपिंडाचा काळ बऱ्याच अंशी ठरलेला, साधारण १४ दिवसांचा. कुणाचा ११, कुणाचा १६. कमीजास्त होतो तो मुख्यतः सुरुवातीचा, पुटिका पिकण्याचा काळ. म्हणून अंडे कधी बाहेर पडले हे मागच्या पाळीपासून पुढे मोजून नाही, तर पुढच्या पाळीपासून मागे मोजून कळते.

जिची पाळी २८ दिवसांची, तिचे अंडे २८ वजा १४, म्हणजे १४ व्या दिवसाच्या आसपास. त्यानंतर सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन सर्वांत वर, म्हणजे २१ वा दिवस. चिठ्ठीवरचा एकविसावा दिवस इथून आला. तो २८ दिवसवालीचा आहे.

आमच्या विद्यार्थिनीची पाळी ३५ दिवसांची. ३५ वजा १४, म्हणजे २१. ज्या दिवशी तिचे रक्त घेतले, त्या दिवशी तिची पुटिका बहुधा फुटायच्या बेतात होती. कारखान्याची पाटी अजून बदललेली नव्हती. तिथे प्रोजेस्टेरॉन ०.८ सापडले यात नवल ते काय? तपासणी खोटी नव्हती. आकडा बरोबर होता. चुकला होता तो दिवस. तिच्यासाठी योग्य दिवस होता २८ वा.

आम्ही कागदाच्या मागे हा हिशेब मांडला. मुलगी बघत राहिली. तिच्या अम्मींनी विचारले, “म्हणजे हिच्यात काही दोष नाही?” आम्ही म्हणालो, “आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. दोष नाही असे आम्ही सांगू शकत नाही. पण दोष आहे असे हा कागद सांगत नाही, एवढे नक्की. डॉक्टरांना हिच्या पाळीच्या तारखा दाखवा आणि तपासणी पुन्हा कधी करायची ते विचारा.”

तारखा तिच्याकडे होत्याच. रमजानमधले राहिलेले रोजे पुढे पूर्ण करायचे असतात, नमाजचे दिवस सांभाळायचे असतात, म्हणून आपल्या घरांतल्या बायका हा हिशेब लहानपणापासून ठेवतात. आणि तो प्रत्येकीचा आपापला असतो, हेही त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. डॉक्टरांसमोर मात्र ती वही कुणी काढत नाही, आणि घाईच्या ओपीडीत कुणी मागतही नाही.

काय लक्षात ठेवावे

पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. निदान तीन-चार महिन्यांच्या तारखा डॉक्टरांना दाखवा. २४ ते ३८ दिवसांनी येणारी पाळी आज सर्वसाधारण मानली जाते. ३५ दिवस हा आजार नाही.

प्रोजेस्टेरॉनची तपासणी पुढची पाळी येण्याच्या साधारण सात दिवस आधी हवी. ज्यांची पाळी मागेपुढे होते त्यांना हा दिवस आधी कळत नाही, म्हणून डॉक्टर ती आठवड्याच्या अंतराने दोनदा करायला सांगू शकतात किंवा सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी करतात. रक्त दिल्यावर पुढची पाळी कोणत्या तारखेला आली ते रिपोर्टवरच लिहून ठेवा. पाच ते नऊ दिवसांनी आली असेल तर तपासणी योग्य वेळी झाली. दोन-तीन आठवड्यांनी आली असेल तर त्या आकड्यावरून निकाल देऊ नये. योग्य वेळी ३ च्या वर आकडा आला तर अंडे बाहेर पडले असे साधारणपणे मानतात. हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटते, काही तासांत त्याचा आकडा बराच खालीवर होतो. म्हणून ६ आले की १६ आले यावर झोप उडवून घेऊ नये.

ज्यांची पाळी खरोखरच दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, चेहऱ्यावर केस येतात, त्यांनी मात्र टाळू नये. पीसीओएसमध्ये बाहेरच्या खोलीतले काम वाढते. तिथे एलएचचा आणि जोडीला इन्सुलिनचा जोर असतो. १९ चा पुरुषी माल जास्त तयार होतो आणि पुटिका अर्ध्यावर अडते. यावर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल या गोळीचे काम आता तुम्हाला समजेल. ती अॅरोमाटेज काही दिवस रोखते, इस्ट्रोजेन उतरते, पियुषिकेला वाटते कारखाना ढिला पडला, आणि ती एफएसएचचा हुकूम वाढवते. त्याने पुटिका पुढे सरकते. पण ही गोळी शेजारणीच्या चिठ्ठीवरून घ्यायची नाही. कधी, किती आणि कोणाला हे डॉक्टरच ठरवतील. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांचीही तपासणी लागते.

आणि शेवटचे. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनी दाखवावे. बायकोचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. दोघांनी. पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी, सुई न टोचता होणारी, आणि तरी आपल्या घरांत ती सर्वांत शेवटी होते. आमच्या विद्यार्थिनीने अडीच वर्षांत तीन ठिकाणी रक्त दिले, दोनदा सोनोग्राफी केली. नवऱ्याची तपासणी एकदाही झाली नव्हती. कुणी सांगितलीच नव्हती असे नाही. सांगितली होती, पण चिठ्ठी घरी हरवली.

पुढे काय झाले

डॉक्टरांनी तारखा पाहिल्या आणि हिशेब मान्य केला. पुढच्या खेपेला २८ व्या दिवशी रक्त घेतले. आकडा आला १२.४. सात दिवसांनी पाळी आली. तिने फोन केला तेव्हा ती रडत होती की हसत होती ते आम्हाला कळले नाही. पाळी आली याचे दुःख होते आणि आकड्याचा आनंद होता. असा महिना तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला असेल.

दुसरा कागद सासूबाईंनी स्वतः वाचला. दुसऱ्या लग्नाची भाषा बंद झाली, असे तिची अम्मी सांगते. नवऱ्याने तपासणीची नवी चिठ्ठी घेतली आहे. तो अजून गेलेला नाही. मुलगा वाईट नाही, घाबरलेला आहे. ज्या घरात एका कागदावरून बायकोचा निकाल लागला, तिथे आपला कागद कसा वाचला जाईल याची भीती त्याला वाटत असणार. इन्शाअल्लाह जाईल. तो गेला तर त्याचा आकडा शेजारी पोहोचू नये, एवढे त्या घराने बघावे. तिचाही पोहोचायला नको होता.

गेल्या आठवड्यात दहावीच्या वर्गात तोच धडा आला. आम्ही या वेळी फळ्यावर एक पट्टी न काढता तीन काढल्या : २६ घरांची, २८ ची आणि ३५ ची. तिन्हींत शेवटची चौदा घरे पिवळ्या खडूने रंगवली आणि मग मुलांना विचारले, लाल गोल कुठे येईल? मुलांच्या बाकांवरूनही हात वर आले. मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर जवळ आली आणि म्हणाली, “टीचर, माझी ३३ ची आहे. मला वाटायचे मला काहीतरी झाले आहे.”

आम्ही तिला उरलेल्या खडूने चौथी पट्टी आखायला सांगितली. तिने १९ व्या घरात गोल काढला. बरोबर होता.